पायातली वहाण आणि टाचेची कळ



"पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. ती चपलेबद्दल नसून आपल्याबद्दल आहे, हेही आपल्याला फार लहानपणी कळतं. आज मात्र खरोखरीच्या वहाणेबद्दल बोलायचं आहे. कष्टकरी बाईच्या पायात ती कुठली असते, तिचे पैसे कोण भरतं आणि ती दाराबाहेर काढून ठेवायला कोण लावतं, याबद्दल.

विषय किरकोळ वाटेल. मारहाण, हुंडा, रेशन, कामावरून काढणं असे प्रश्न असताना टाचदुखीवर पानं कशाला? पण भोसरी-चिखलीपासून चाकणच्या महाळुंगे-कुरुळीपर्यंत कुठल्याही वस्तीत बायकांच्या बैठकीत एवढंच विचारून पाहा : सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कुणाची टाच ठणकते? एक हात वर होतो, मग चार होतात, मग हशा पिकतो. कारण तोवर जिला तिला वाटत असतं की हे आपलं एकटीचंच. कुणी म्हणते वात आहे. कुणी म्हणते बाळंतपणात पथ्य पाळलं नाही. दवाखान्यातली दोन वाक्यंही सगळ्यांना पाठ असतात : वजन कमी करा, मऊ चप्पल घाला. दिवसाचे आठ-दहा तास तुम्ही कशावर उभ्या असता, हे मात्र कुणी विचारत नाही.

तळपायाखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. कडक जमिनीवर तासन् तास उभं राहिलं, की टाचेच्या हाडाशी तो ओढला जाऊन दुखावतो. रात्री झोपेत आखडतो. सकाळी पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो आणि सुरी खुपसल्यासारखी कळ येते. थोडं चाललं की कळ ओसरते, संध्याकाळी परत येते. डॉक्टर याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. यात वजनाचा, वयाचा, सपाट तळव्याचा, आखडलेल्या पोटरीचा वाटा असतो, हे खरं आहे. पण सिमेंटच्या जमिनीचा आणि उभं राहण्याचाही असतो. तो वाटा सोयीस्करपणे गाळला जातो, कारण वजन बाईचं असतं आणि जमीन मालकाची.

आपल्या पट्ट्यात बायका आता कारखान्यातला अपवाद राहिलेल्या नाहीत. पिंपरीच्या टाटा मोटर्समध्ये हॅरिअर आणि सफारी गाड्यांची जोडणी दीड हजारांवर बायकांची लाइन करते, याच्या बातम्या २०२३ साली फोटोंसह आल्या. चांगलंच आहे. पण अशा मोठ्या कारखान्यांमागे सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या शेडची रांग आहे. तिथे वायर हार्नेस बांधणाऱ्या, तपासणी करणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या बायका कंत्राटदाराच्या हजेरीवर असतात. त्यांच्या पायांचा फोटो कुणी काढत नाही.

त्या पायांत सेफ्टी शूज असतात. पायावर जड वस्तू पडली तर बोटं वाचावीत म्हणून पुढे पोलादी टोपी असते. भारतीय मानक आयएस १५२९८ प्रमाणे तिने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. हे हवंच. बोटं सगळ्यांना प्यारी आहेत. पण बूट ज्या साच्यावर बेतला जातो, तो साचा कुणाच्या पायाचा? बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान आवृत्ती नव्हे. चवड्याच्या मानाने तिची टाच अरुंद असते. पुरुषी साच्यातलं सगळ्यांत लहान माप तिला दिलं, तर पुढे बोटं बरोबर बसली तरी मागे टाच हलत राहते. मग दोन-दोन मोजे घालायचे, कापूस कोंबायचा, नाडी करकचून आवळायची. जो बूट टाच घट्ट धरत नाही, तो कमानीला काय आधार देणार?

मापाचं राजकारण नुसतं बाई-पुरुषापुरतंही नाही. आपल्याकडचे नंबर मुळात इंग्रजांच्या काळात आलेले, त्यांच्या पायांवर बेतलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखावर लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यात दिसलं. त्यावरून 'भा' नावाची देशी मापपद्धती सुचवण्यात आली. स्वातंत्र्य मिळून पंचाहत्तर वर्षं होत आल्यावर आपले पाय कुणीतरी मोजले! याचा पहिला फायदा कुणाला व्हायला हवा? ज्यांना बूट निवडण्याची मुभा नाही, नेमून दिलेलाच घालावा लागतो, त्यांना. बुटाच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला निदान "हा नको" म्हणता येतं.

वर याच बुटाचे पैसे अनेक ठिकाणी पगारातून कापले जातात. 'युनिफॉर्म-शूज' अशी एक ओळ स्लिपवर असते. काम सोडलं तर अनामत बुडते. हे सरळ बेकायदा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ११४ होतंच : कायद्याने द्यायच्या सोयींसाठी कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सुरक्षा-आरोग्य संहितेतही सुरक्षेच्या सोयींचा खर्च कामगारावर टाकायला मनाई आहे.

आता खुर्चीकडे येऊ. कारण उत्तमातला उत्तम बूटसुद्धा दहा तास न बसण्याची भरपाई करू शकत नाही. कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करावं लागणाऱ्या सगळ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे कामात उसंत मिळाली की त्यांना टेकता यावं. नव्या संहितेतही बसण्याची सोय आहे. सत्याहत्तर वर्षं हा शब्द कागदावर आहे. आपल्या किती शेडमध्ये स्टूल आहेत? जिथे आहेत तिथे बसलेली बाई सुपरवायझरला कशी दिसते? बसली म्हणजे टवाळक्या करते, असंच ना?

कायद्यात शब्द असून चालत नाही, तो बायकांना ओढून आणावा लागतो, हे केरळच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी दाखवलं. साडीच्या आणि कपड्याच्या दुकानांत त्यांना दिवसभर बसायला बंदी असे. कोळिकोडमध्ये शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी 'पेणकूट्ट' ही संघटना उभी केली. सुरुवात संडासाच्या मागणीपासून झाली, मग बसण्याचा हक्क आला. हसणारे पुष्कळ हसले. शेवटी २०१८ साली केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ साली तमिळनाडूनेही केली. इंग्लंडात तर दुकानातल्या दर तीन बायकांमागे एक बैठक ठेवण्याचा कायदा १८९९ सालीच झाला होता! आणि आमच्या कामगार चळवळीच्या बालेकिल्ल्यात? बोनस, पगारवाढ, कॅन्टीन यांच्या मागणीपत्रांत बाईच्या मापाचा बूट आणि स्टूल शोधून काढावं लागतं. युनियनच्या भाऊंना हे विचारलं पाहिजे, आणि तेही जाहीर सभेत.

एक गट मात्र असा आहे, ज्याला बूट आणि कलम दोन्ही लागू नाहीत. वाकड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणी. चप्पल दाराबाहेर काढायची आणि गुळगुळीत थंडगार टाइल्सवर अनवाणी भांडी, लादी, स्वयंपाक. एका घरातून दुसऱ्या घरात, दिवसाला चार-पाच घरं. घरात चप्पल नको, हा स्वच्छतेचा नियम असेल तर मालकीणबाईंच्या पायांत घरातल्या घरात घालायची मऊ स्लीपर कशी चालते? ही विटाळाची जुनी शिवण आहे, नुसता रंग बदललाय. प्रत्येक घरात कामवाल्या ताईंसाठी घरात वापरायची वेगळी चप्पल मालकांनी ठेवावी, ही मागणी कुणाला हास्यास्पद वाटली तर वाटू दे.

हे सगळं होईल तेव्हा होईल, उद्याच्या फर्स्ट शिफ्टचं काय, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. पोरांचे शाळेचे बूट आधी, नवऱ्याचे मग आणि उरलं तर आपली आठवडे बाजारातली सपाट पातळ चप्पल, हा क्रम एकदा तरी मोडा. पिंपरी कॅम्पात जा, पण संध्याकाळी जा. तेव्हा पाय सुजलेला असतो, माप खरं कळतं. बूट हातात घेऊन वाकवा. बोटांपाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो लगेच चेपता कामा नये. टाच चवड्यापेक्षा किंचित उंच हवी. अगदी सपाट नको, उंच तर नकोच. फक्त मऊ असणं पुरत नाही, पाय त्यात रुततो. मऊपणाबरोबर कमानीखाली उंचवटा हवा. दोन्ही पायांत घालून दुकानात चालून बघा, दुकानदार कंटाळला तरी. घरात ओट्याशी उभं राहतानाही पायात काहीतरी असू द्या. सकाळी अंथरुणातच टॉवेल चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढा, पट्टा सैल होतो आणि मगच पाय खाली टेका. बहुतेकींना काही महिन्यांत आराम पडतो. पायाला बधिरपणा, सूज असेल किंवा मधुमेह असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टरांना कामाचे तास सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

पण हा बूट आपण स्वतःच्या खिशातून घेतोय, म्हणजे मालकाचं देणं आपण फेडतोय, हे विसरून चालणार नाही. गटागटांनी मागणीपत्रं तयार करायला घ्यावीत. बायकांच्या साच्यावर बेतलेले, घालून बघून निवडायचे बूट, झिजले की बदलून. दर ठरावीक तासांनी बसायची सुट्टी. उभं राहायच्या जागी रबरी मॅट. आणि हे सगळं कंत्राटी बायकांनाही. ज्यांच्या स्लिपवर शूजची कपात आहे, त्यांनी ती स्लिप फेकू नये. पुढच्या बैठकीला सोबत आणावी. नाव झाकून चालेल, आकडा दिसला पाहिजे.