दुखरा गुडघा आणि हृदयाचा व्यायाम

गुडघा दुखू लागला की माणूस आधी जिना टाळतो, मग देऊळ, मग बाजार, आणि काही महिन्यांनी शेजाऱ्यांचे घरही लांब वाटू लागते. या साऱ्यात हृदयाला आणि फुप्फुसांना रोज मिळणारे काम नकळत बंद पडते. वजन वाढते, रक्तदाब आणि साखर आटोक्याबाहेर जाऊ लागतात, मांडीचे स्नायू रोडावतात आणि आधार गमावलेला गुडघा अधिकच दुखतो. म्हणून दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना "किती दुखते?" याबरोबरच "दुखू लागल्यापासून काय काय सोडले?" असेही मी विचारते.

"चाललो तर उरलेला गुडघाही झिजेल" ही भीती फार खोल रुजलेली आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते आणि हा द्रव आत-बाहेर खेळता राहतो तो हालचालीमुळे. तेव्हा झिजेच्या संधिवातात बेताची हालचाल हा उपचाराचाच भाग आहे. प्रश्न आहे तो हालचाल कोणती निवडावी, एवढाच. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार येतो. जिना चढता-उतरताना तो याहून वाढतो, आणि धावताना वा उड्या मारताना त्यात धक्क्याची भर पडते. ज्या व्यायामात धक्का नाही, पण श्वास थोडा वाढतो, तो आपल्या कामाचा.

असे चार पर्याय सांगते.

पहिला, व्यायामाची स्थिर सायकल. शरीराचे वजन सीटवर राहते, त्यामुळे गुडघ्याला हालचाल मिळते, पण भार कमी पडतो. सीटची उंची मात्र नीट हवी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. सीट फार खाली असेल तर गुडघा अधिक दुमडतो आणि वाटीमागे दुखू लागते. सुरुवातीला पेडल हलके फिरेल असेच ठेवावे.

दुसरा, पाण्यात चालणे. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार जवळजवळ निम्मा होतो, छातीएवढ्या पाण्यात त्याहूनही कमी. यासाठी पोहता येण्याची गरज नाही, पण कठडा आणि सोबत हवी. पोहणाऱ्यांनी बेडकासारखे पाय मारणे टाळावे. त्यात गुडघ्याला पीळ बसतो.

तिसरा, सपाट रस्त्यावरचे चालणे. चढ-उतार आणि खडबडीत वाट नको. जाड, मऊ तळाचे बूट हवेत. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी.

चौथा, खुर्चीत बसून करायचा व्यायाम. ज्यांना उभे राहणेच जड जाते त्यांनी भक्कम, बिनचाकांच्या खुर्चीत बसून आळीपाळीने पाय उचलावेत, टाचा-चवडे आपटण्याऐवजी हलकेच टेकवावेत आणि सोबत हात जोराने पुढे-मागे करावेत. दहा मिनिटांत श्वास वाढतो, हे करून पाहावे.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर रोज चढाच्या रस्त्याने सलग चाळीस मिनिटे चालत. गुडघा सुजला तेव्हा त्यांनी चालणे पूर्ण सोडले आणि सहा महिन्यांत त्यांचे वजन वाढले, साखरही वाढली. आम्ही मधला मार्ग धरला: सपाट अंगणात आठ मिनिटे, दिवसातून तीन वेळा. त्यांच्या एक्स-रेमध्ये काहीही बदलले नाही. पण आता ते स्वतः बाजारातून भाजी आणतात.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. हा आकडा पाहून दडपू नये. पाच मिनिटांनी आरंभ करावा आणि सोसेल तशी दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. वेग मोजण्याची सोपी खूण अशी: व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, म्हणून नाडीपेक्षा ही खूण अधिक भरवशाची.

व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. परंतु दोन तासांनंतरही आधीपेक्षा अधिक दुखत असेल, किंवा दुसऱ्या सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. पुढच्या वेळी ती निम्मी करावी, पण व्यायाम सोडू नये. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम रेटणे मात्र टाळावे. गोळी इशारा दाबते, आणि उतारवयात अशा गोळ्या मूत्रपिंडाला, जठराला व रक्तदाबाला बाधक ठरू शकतात.

यासोबत मांडीचे स्नायू बळकट हवेत. पलंगावर पाय सरळ ठेवून मांडी पाच सेकंद आवळून धरावी आणि सोडावी. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. उकिडवे बसणे, वज्रासन आणि जमिनीवर दीर्घकाळ मांडी घालणे तूर्त बाजूला ठेवावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

हृदयविकार असेल, वा चालताना छातीत दुखत किंवा दडपत असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. व्यायाम चालू असताना छातीत दुखले, भोवळ आली वा दम लागून बोलता येईना, तर तेथेच थांबून तातडीने रुग्णालय गाठावे. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, गुडघा अडकला, पायावर उभेच राहता येईना किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली, तरी त्याच दिवशी दाखवावे. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात साखर ठेवावी.

घरातील मंडळींना एक विनंती. "आई, बस तू, मी आणते" हे वाक्य प्रेमाचे असते, पण दिवसातून दहा वेळा उच्चारले गेले की आईचे चालणेच हिरावून घेते. त्याऐवजी वाटेतली पायपुसणी उचला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, खुर्ची थोडी उंच करा, आणि संध्याकाळची आठ मिनिटे तिच्याबरोबर, तिच्या चालीने चाला.