पायथनमध्ये मराठी फाईलची अक्षरे का बिघडतात? एक शब्द लिहायचा राहतो म्हणून

‘नाशिक’, ‘सातारा’, ‘सांगली’ अशी तीन नावे एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून सेव्ह करा. विंडोजची भाषा इंग्रजी आणि प्रदेश भारत असेल, तर पायथनचे ओपन() हे फंक्शन ती फाईल कोणतीही तक्रार न करता उघडते आणि पडद्यावर भलतेच काही दाखवते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, शेजारी चलनाचे गोल चिन्ह, मध्येच जपानी येन. आता याच फाईलमध्ये ‘पुणे’ हे नाव वाढवा. या वेळी प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो.

नाशिक चालते आणि पुणे अडते, यामागे पुण्याचा काही दोष नाही. दोष आहे ओपन() वापरताना न लिहिलेल्या एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे एन्कोडिंग.

फाईल म्हणजे शेवटी बाइटची रांग. कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. आज जवळपास सगळीकडे वापरला जाणारा तक्ता यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी तो १९९२ मध्ये तयार केला. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, सगळे, तीन-तीन बाइट घेते. नोटपॅडही आता मुळात यूटीएफ-८ मध्येच फाईल ठेवते. पण ओपन() ला एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन संगणकाच्या सेटिंगला विचारतो. वरच्या सेटिंगमध्ये उत्तर येते ‘विंडोज-१२५२’. हा पश्चिम युरोपातील भाषांसाठीचा जुना तक्ता आहे आणि त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे एका ‘न’ची तीन चिन्हे होतात.

या जुन्या तक्त्यात २५६ जागा आहेत आणि त्यातल्या पाच रिकाम्या आहेत. पहिला उकार, जोडाक्षर घडवणारे हलन्त चिन्ह, ‘झ’, ‘ए’, ‘ऐ’ यांचा शेवटचा बाइट नेमका या रिकाम्या जागांवर पडतो. म्हणून पुणे, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरी अडतात. नागपूर आणि लातूर बिनबोभाट बिघडतात. शिंदे, पाटील, जोशी बिघडतात. कुलकर्णी आणि झेंडे अडतात. अडणे बरे, असे माझे मत आहे. निदान काहीतरी चुकले हे कळते.

‘मराठी’ या शब्दाची गंमत (गंमत म्हणावी का, हा प्रश्नच आहे) आणखी वेगळी. ‘ठ’चा शेवटचा बाइट जुन्या तक्त्यात एका प्रकारची मोकळी जागा ठरतो. त्यामुळे अशी वाचलेली ओळ स्प्लिट() ने शब्दाशब्दांत तोडली, तर ‘मराठी’ ठ वर दुभंगतो. शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमला तो एक नव्हे, दोन शब्द दिसतात आणि एरर येत नाही.

इंग्रजीत हे का दिसत नाही?

इंग्रजी अक्षरे, अंक आणि नेहमीची विरामचिन्हे या दोन्ही तक्त्यांत एकाच जागी आहेत. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर चुकीचा तक्ता वापरला तरी उत्तर बरोबरच येते. इंजिनीअरिंगला फाईल हँडलिंग शिकताना आम्ही लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम ‘हॅलो वर्ल्ड’ वाचत होता. तो चालायचा, जर्नलवर सही व्हायची. प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे त्या मजकुराने कधी तपासलेच नव्हते. पुढे तोच विद्यार्थी कामावर लागतो, समोर शाळेचा हजेरीपट किंवा पतसंस्थेची सभासद यादी येते, आणि गडबड झाली की ‘मराठी फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगून मोकळा होतो. इथे फॉन्टचा संबंध नसतो. (श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाईप केलेल्या फाईलचे दुखणे मात्र निराळे, ते यूटीएफ-८ लिहून बरे होत नाही.)

एरर आली की इंटरनेटवर शोधून एक उपाय हमखास सापडतो : एरर्स = ‘इग्नोअर’. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. चुकीच्या तक्त्याने वाचलेला मजकूर विचित्र दिसला तरी त्याचे बाइट शाबूत असतात, तो उलट्या मार्गाने दुरुस्त करता येतो. ‘इग्नोअर’ लिहिले की न समजलेले बाइट टाकून दिले जातात. म्हणजे उकार गेले, जोडाक्षरे सुटली, आणि ती परत आणायला काही उरले नाही. लिहिताना हाच पर्याय वापरला, तर जुन्या तक्त्यात देवनागरी मुळीच नसल्याने सगळी अक्षरे गळतात. यादीत उरतात फक्त स्वल्पविराम आणि इंग्रजी आकडे.

खरे नुकसान लिहिताना

फाईल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की त्याच क्षणी तिच्यातला जुना मजकूर पुसला जातो. लिहायला सुरुवात होण्याच्या आधी. आता असा प्रोग्रॅम घ्या, जो यादी वाचताना यूटीएफ-८ सांगतो, एक नाव दुरुस्त करतो आणि तीच फाईल पुन्हा लिहायला उघडतो, पण इथे एन्कोडिंग सांगत नाही. पायथन फाईल रिकामी करतो, पहिल्याच देवनागरी अक्षराला अडतो आणि एरर देतो. एरर वाचून तुम्ही कोड सुधारता. पण यादी आता शून्य बाइटची आहे. ‘विथ’ वापरल्याने फाईल नीट बंद होते इतकेच, पुसलेले परत येत नाही. पाथलिबच्या राईट_टेक्स्ट() चेही असेच.

यावरचे उपाय स्टँडर्ड लायब्ररीतच आहेत, वेगळे काही बसवावे लागत नाही. नवा मजकूर आधी त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने लिहा, तो पूर्ण झाल्यावरच ओएस मोड्यूलच्या रिप्लेस() ने जुन्या फाईलच्या जागी ठेवा. फाईल नवीच असायला हवी असेल, तर ‘डब्ल्यू’ ऐवजी ‘एक्स’ मोड वापरा. त्या नावाची फाईल आधीपासून असेल तर तो नकार देतो. आणि वाचताना, लिहिताना, दोन्हीकडे एन्कोडिंग = ‘यूटीएफ-८’ लिहा. सीएसव्ही पुढे एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल, तर लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. त्याने फाईलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण बसते आणि एक्सेल मराठी ओळखतो.

पायथनवाल्यांना हे कळले नव्हते असे नाही. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीत एन्कोडिंग न लिहिल्यास इशारा देण्याची सोय आली, पण ती आपण मुद्दाम सुरू करावी लागते. काही न सांगितल्यास यूटीएफ-८ धरायचे, हा बदल ३.१५ आवृत्तीसाठी मंजूर झाला. जावाने तो मार्च २०२२ मध्ये, १८ व्या आवृत्तीत केला. पायथन ३ मात्र २००८ चा. त्यात अक्षरे पहिल्या दिवसापासून युनिकोड होती, फाईल तेवढी संगणकाच्या मर्जीवर सोडलेली. जुना कोड मोडू नये हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या सोयीची किंमत इंग्रजीत लिहिणाऱ्याला मोजावी लागली नाही.

बदल झाला तरी कॉलेजच्या लॅबमधल्या आणि कार्यालयांमधल्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या बरीच वर्षे राहतील. म्हणून प्रॅक्टिकलच्या परीक्षेत फाईल वाचायचा प्रश्न आला, तर परीक्षकांनी विद्यार्थ्याला द्यायच्या फाईलमध्ये चार ओळी मराठीच्या ठेवाव्यात. एकात जोडाक्षर, एकात पहिला उकार, एकात ‘झ’. चौथी नुसती ‘मराठी’ चालेल.