आमची विमाने : ऐकीव आणि खरी

विमानाचा विषय निघाला की मुंबईच्या मराठी माणसास गिरगाव चौपाटी आठवते. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी तेथे माणसाविना विमान उडविले, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे उडविले, ही कथा आम्ही सर्वांनीच कधी ना कधी ऐकली आहे. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तळपदे संस्कृताचे व्यासंगी होते आणि विमानाच्या ध्यासाने झपाटलेले होते, याविषयी वाद नाही. परंतु ते विमान खरोखर उडाले याचा निर्विवाद असा समकालीन पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या संदर्भात हवाला दिला जातो, त्याची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली छाननी केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नव्हे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निर्णय पडला. राइट बंधूंचे यंत्र १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्या खेपेस अवघे १२ सेकंद आणि १२० फूट उडाले. पण पाच माणसे ते डोळ्यांनी पाहत होती आणि त्या क्षणाचे छायाचित्र आज कोणासही पाहावयास मिळते.

आम्हांस खंत वाटते ती मात्र निराळीच. ऐकीव पराक्रमावर एवढा जीव जडविणाऱ्या आमच्या उपनगरांस आपल्या अंगणात घडलेल्या खऱ्या इतिहासाची गंधवार्ताही नसावी ना! पार्ल्याच्या पश्चिमेस जुहूचे विमानतळ १९२८ साली सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून टपालासह जुहूस उतरले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पोहोचविले. जुहूचे मैदान इतके सखल की पावसाळ्यात तेथे पाणी साचे आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. अशा चिखलातून जी टपालसेवा उभी राहिली, तिचीच १९४६ साली ‘एअर इंडिया’ झाली. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे. आर. डी. तोच मार्ग पुन्हा छोट्या विमानातून उडून आले. या हकिकतीस दंतकथेचे एकही ठिगळ लावावे लागत नाही.

आणि हे सारे जुनेच आहे असेही नव्हे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. आधीचे दोन प्रयत्न फसलेले, इमारतीस उद्वाहक नाही. इंजिनासकट सारे सामान अरुंद जिन्याने वर न्यावे लागले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले आणि वाहवा केली. पण नोंदणीसाठी २०११ सालीच केलेला अर्ज दिल्लीच्या दफ्तरात पडून होता. मुख्यमंत्र्यांनी शब्द टाकला तेव्हा कोठे नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, आणि उड्डाणाचा परवाना हाती पडावयास २०१९ उजाडले. चौपाटीवरील न पाहिलेल्या विमानासाठी परक्या सरकारास दोष देणाऱ्या किती जणांनी या आठ वर्षांचा जाब आपल्या सरकारास विचारला?

कोणी म्हणेल, विमान म्हणजे सायकल नव्हे. तपासणी कडकच हवी. आम्हीही तेच म्हणतो. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक छोटे विमान घाटकोपरच्या भर वस्तीत कोसळले, त्यात विमानातील चौघे आणि रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जीव गेले. ज्यांच्या डोक्यावरून रात्रंदिवस विमाने जातात त्या घाटकोपर-कुर्ल्याच्या रहिवाशांस ढिलाईचे कौतुक सांगण्याची आमची छाती नाही. पण कडक तपासणी निराळी आणि कागद दाबून ठेवणे निराळे. विमानाचा सांधा कच्चा असेल तर तो कच्चा आहे असे तपासनीसाने लिहून द्यावे. बांधणारा तो पुन्हा जोडील. उत्तरच न देणाऱ्या कचेरीने कोणाचा जीव वाचविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आमची एवढीच मागणी आहे : हौसेने विमान बांधणाऱ्याच्या अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय द्यावा, त्रुटी असल्यास त्या एकदाच, कलमवार व लेखी कळवाव्यात, आणि ही मुदत नियमात छापावी. पुढच्या गच्चीवाल्यास मुख्यमंत्र्यांची चिठ्ठी लागता कामा नये.