हाराचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका पुढाऱ्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भला मोठा हार आणि नाक्यावर वाढदिवसाचा फलक. सूत्रसंचालन आमच्याकडेच होते. साहेबांना आम्ही 'वस्तीचे भाग्यविधाते' म्हटले. टाळ्या पडल्या. साहेब मोटारीत बसून निघून गेले. तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने आम्हाला विचारले, "काय रे बाळा, हार केवढ्याला पडला? आन् नळाचं बोललास का?"

नळाला आठवडाभर पाणी नव्हते. आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कारण मुलाच्या नोकरीसाठी आम्हाला साहेबांची चिठ्ठी हवी होती. तेव्हा आजचे चार शब्द आधी आम्हालाच आहेत.

पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ चा. त्याला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, कांशीराम यांनी 'द चमचा एज' हे पुस्तक काढले. चमचा आपणहून हलत नाही, दुसऱ्याच्या हाताने हलतो, हा त्यातला मुद्दा. करारात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. उमेदवार आपला, मते मात्र सगळ्यांची आणि तिकीट मोठ्या पक्षाचे. मग निवडून आलेला माणूस वस्तीकडे बघणार की तिकीट देणाऱ्याकडे? कांशीराम यांच्या मते चमचे निपजले ते या व्यवस्थेतून.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की, धर्मात भक्ती तारील, पण राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते नुसते सांगून थांबले नाहीत. हिंदू कोड बिल अडवले गेले, इतरही मतभेद होते, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. खुर्ची सोडली, मत सोडले नाही.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला खोटे मित्र ओळखायला शिकवले. त्यांत एक तोंडपुजा आहे. तो वाइटालाही मान डोलावतो, चांगल्यालाही डोलावतो. समोर स्तुती करतो, पाठीमागे निंदा करतो. साहेबांच्या मोटारीची धूळ बसायच्या आत आमच्या मंडळींनी हेच केले.

कुणी म्हणेल, मग आभारही मानायचे नाहीत का? जरूर मानावेत. केलेल्या कामाचे आभार हा आदर. मिळणाऱ्या तुकड्यासाठी न केलेल्या कामाची स्तुती ही लाचारी. चिठ्ठी एका घराला मिळते, पण गप्प बसावे लागते सगळ्या वस्तीला. शिवाय आपण वाकतो तेव्हा घरातले पोर बघत असते. वाकणे हीच रीत, असे ते धरून चालते.

आम्ही चिठ्ठी मागायला गेलो नाही. मुलाला सांगितले, परीक्षेचा अर्ज भर. पाण्याचा अर्ज आम्ही लिहिला आणि घरोघर सह्या घेतल्या. पहिला अंगठा आजीचा. अंगठा उठवून ती म्हणाली, "आता वाचून दाखव, काय लिवलंस ते." आम्ही वाचून दाखवले. त्यात 'भाग्यविधाते' हा शब्द नव्हता.