फिर्यादी तोच न्यायाधीश!

कामगारावर ठपका ठेवावयाचा, मालकानेच चौकशी अधिकारी नेमावयाचा, त्या अधिकाऱ्याने मालकाने पुढे केलेल्या कागदांवर अहवाल लिहावयाचा आणि अखेरीस मालकानेच त्यावर शिक्कामोर्तब करून कामगाराला घरी पाठवावयाचे, ही रीत कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. या रीतीविरुद्ध कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. खात्यांतर्गत चौकशी नैसर्गिक न्यायाला धरूनच झाली पाहिजे, हे त्यांनी न्यायालयांकडून मान्य करून घेतले. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ च्या दुरुस्तीने ११-अ हे कलम आले, तेव्हा मालकाने दिलेली बडतर्फी अवाजवी वाटल्यास ती रद्द करण्याचा वा सौम्य करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. ही कोणा मालकाने दिलेली देणगी नव्हती. ती संघटित शक्तीची कमाई होती.

आज एक नवा उद्योग देशात भरभराटीस आला आहे. त्याच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना सौदा झाला. त्यात मालक आहेत, मजुरी आहे, लिलाव आहे, करार आहेत. फक्त चालू खेळाडूंची संघटना तेवढी नाही. हा उद्योग म्हणजे इंडियन प्रीमियर लीग. या लीगमध्ये एखाद्या खेळाडूवर आरोप झाला तर त्याचा न्याय कोण करतो व कसा करतो, हा प्रश्न क्रीडापृष्ठावर ढकलून देण्याजोगा नाही. तो श्रम आणि सत्ता यांच्या संबंधाचा प्रश्न आहे.

एका गुन्ह्याचे दोन न्याय

१६ मे २०१३ रोजी राजस्थान रॉयल्स संघाचे तीन खेळाडू, श्रीशांत, मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण आणि अजित चंडिला, यांना दिल्ली पोलिसांनी मुंबईत अटक केली. ठरवून धावा देण्यासाठी सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आठवडाभराने, २४ मे रोजी, मुंबई पोलिसांनी चेन्नई सुपर किंग्जच्या गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टेबाजीच्या आरोपाखाली पकडले. हे मय्यप्पन म्हणजे क्रिकेट नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष श्रीनिवासन यांचे जावई. आणि ज्या इंडिया सिमेंट्स कंपनीच्या मालकीचा तो संघ होता, तिचे सूत्रधार श्रीनिवासन हेच होते.

प्रकरण एकाच मोसमातले, मंडळही एकच. मग पुढे काय घडले? खेळाडूंची चौकशी मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाचे प्रमुख रवी सवानी यांच्याकडे देण्यात आली. पोलिसांनी टिपलेली दूरध्वनीवरील संभाषणे व पोलिसांनी पुरविलेली माहिती हा त्यांच्या अहवालाचा मुख्य आधार होता. १३ सप्टेंबर २०१३ रोजी मंडळाच्या शिस्तपालन समितीने श्रीशांत व चव्हाण यांना क्रिकेटमधून आजन्म हद्दपार केले. या समितीचे तीन सभासद होते : श्रीनिवासन, अरुण जेटली आणि निरंजन शाह. ज्या गृहस्थाचा जावई त्याच मोसमातील सट्टेबाजीचा आरोपी होता आणि ज्याच्या कंपनीचा संघ त्याच लीगमध्ये खेळत होता, तो गृहस्थ दुसऱ्या संघाच्या खेळाडूंना नीतीचे धडे देण्यास न्यायासनावर बसला होता.

मालकांच्या वाट्याला मात्र निराळी चौकशी आली. मंडळाने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली आणि जुलै २०१३ अखेर तिने मय्यप्पन व राजस्थान रॉयल्सचे राज कुंद्रा यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने ही समितीच बेकायदा ठरविली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती मुद्गल यांची समिती नेमली, तेव्हा मय्यप्पन यांची सट्टेबाजी उजेडात आली. १४ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती लोढा समितीने दोन्ही संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि मय्यप्पन व कुंद्रा यांना आजन्म बंदी घातली. म्हणजे खेळाडूला शिक्षा देण्यास मंडळाला चार महिने पुरले. मालकाच्या घरातील माणसाला हात लावण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दोन वर्षे खपावे लागले. निलंबन संपताच २०१८ मध्ये चेन्नईचा संघ परतला व त्याच वर्षी विजेताही ठरला. त्या वर्षी चव्हाण मैदानाबाहेरच होता.

अपराध आणि शिक्षा

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. हे खेळाडू निष्पाप होते, असा दावा करण्याचे कारण नाही. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही फौजदारी खटल्यातून मुक्त केले. तथापि फौजदारी खटला व शिस्तभंगाची कारवाई यांतील पुराव्याच्या कसोट्या वेगळ्या असतात, हे कामगार कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १५ मार्च २०१९ च्या निकालात श्रीशांतवरील दोषनिश्चिती उलटविली नाही. न्यायालयाने बोट ठेवले ते शिक्षेवर. मंडळाच्याच संहितेत अशा अपराधाला किमान पाच वर्षे ते कमाल आजन्म बंदी अशी शिक्षेची श्रेणी होती आणि कोणत्या गोष्टींमुळे शिक्षा सौम्य वा कडक करावी, हेही तीत लिहिलेले होते. समितीने यांपैकी कशाचाही विचार न करता कमाल शिक्षा ठोठावली. म्हणून न्यायालयाने आजन्म बंदी रद्द केली व शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाचे लोकपाल न्यायमूर्ती जैन यांनी ती सात वर्षांवर आणली.

जो नियम स्वतः लिहिला, तोही पाळण्याची गरज मंडळाला भासली नाही. ही चूक दुरुस्त होण्यास साडेपाच वर्षे लागली. केरळ उच्च न्यायालयाचे एक न्यायपीठ बंदी उठवते, दुसरे ती पुन्हा लादते आणि मग प्रकरण दिल्लीस जाते. एवढ्या पायऱ्या चढण्याचे बळ किती खेळाडूंपाशी असते? श्रीशांत २००७ व २०११ च्या विश्वविजेत्या भारतीय संघांत होता. त्याच्या मागे नावलौकिक तरी होता. भारताकडून कधीच न खेळलेल्या चव्हाणची शिक्षाही सात वर्षांवर आली, पण ती २०२१ मध्ये. ही सात वर्षे सप्टेंबर २०२० मध्येच भरली होती. शिक्षा संपून गेल्यावर ती संपल्याचा हुकूम हाती पडावा, हा न्याय नव्हे. न्यायाची थट्टा आहे. आणि खेळाडूच्या बाबतीत काळ हीच भांडवलाची एकमेव रक्कम असते. गिरणी कामगाराला दहा वर्षांनी कामावर परत घेता येते. सत्ताविसाव्या वर्षी बाहेर काढलेल्या गोलंदाजाला पस्तिशीत त्याचा खांदा कोण परत देणार?

अमेरिकेचा धडा

मालकांच्या लीगमध्ये असेच चालावयाचे, असे काही जण म्हणतील. त्यांनी अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगकडे पाहावे. तेथे बत्तीस संघांचे मालक मिळून आयुक्त निवडतात. २००६ पासून रॉजर गुडेल हे आयुक्त आहेत. लीगच्या प्रतिष्ठेस बाधक अशा वर्तनाबद्दल खेळाडूस शिक्षा देण्याचा अधिकार आयुक्ताला आणि त्या शिक्षेविरुद्धचे अपील ऐकण्याचा अधिकारही आयुक्तालाच, अशी तेथील कराराची व्यवस्था राहिली. २०१५ मध्ये चेंडूतील हवा कमी केल्याच्या प्रकरणात टॉम ब्रेडी या विख्यात खेळाडूला चार सामन्यांची बंदी मिळाली. अपील गुडेल यांनी स्वतःच ऐकले व स्वतःचाच निर्णय कायम केला. खालच्या न्यायालयाने तो रद्द केला, पण एप्रिल २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. त्याचे कारण मासलेवाईक होते : खेळाडूंच्या संघटनेनेच सामूहिक करारात आयुक्ताला हा अधिकार दिला आहे, तेव्हा न्यायालय त्यात पडणार नाही! वाटाघाटींच्या मेजावर सोडून दिलेला हक्क न्यायालयाच्या दारी परत मिळत नाही, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. आरोपीला न्याय्य चौकशी द्यावी असे म्हटले की, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचाराच्या प्रकरणांत, हे श्रीमंत खेळाडूंना पाठीशी घालणे आहे अशी शंका घेतली जाते. ही शंका प्रामाणिक आहे. परंतु अनुभव उलट साक्ष देतो. २०१४ मध्ये रे राइस या खेळाडूने आपल्या वाग्दत्त वधूला उद्वाहकात मारहाण केली. लीगने प्रथम त्याला अवघ्या दोन सामन्यांची शिक्षा दिली. सप्टेंबरमध्ये मारहाणीचे चित्रण जगाने पाहिले, लोकक्षोभ उसळला, तेव्हा त्याच गुन्ह्यासाठी बेमुदत बंदी आली. नोव्हेंबरमध्ये निवृत्त न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी एका अपराधासाठी दोनदा शिक्षा देता येत नाही म्हणून ती रद्द केली. मालकांच्या माणसाची लहर अशी दोन्हीकडे झुकते : धंदा शांत असेल तर स्त्रीच्या वेदनेचे मोल दोन सामने, आणि धंद्याची अब्रू धोक्यात आली की नियम धाब्यावर. अशा कारभारात पीडितेलाही न्याय नाही आणि आरोपीलाही नाही. न्याय मिळतो तो फक्त तिकीटविक्रीला.

तिसरा धडा आशेचा आहे. खेळाडूंच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि २०२० च्या सामूहिक करारात लीग व संघटना या दोघांनी मिळून नेमलेला स्वतंत्र शिस्त अधिकारी पदरात पाडून घेतला. २०२२ मध्ये डेशॉन वॉटसन याच्यावरील लैंगिक गैरवर्तनाचे प्रकरण निवृत्त न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी चालविले. त्यांनी त्याला दोषी ठरविले आणि सहा सामन्यांची शिक्षा देताना तिची कारणे सविस्तर लिहून दिली. लीगने अपील केले, आणि अपील अद्यापही आयुक्ताकडे वा त्याने नेमलेल्या माणसाकडेच जात असल्याने शेवटी तडजोडीत अकरा सामने व पन्नास लाख डॉलर दंड असा निकाल लागला. म्हणजे विजय अर्धाच. पण सहा सामने कमी की पुरेसे, हा वाद लोकांना करता आला, तो निकालाची कारणे उघड्यावर आली म्हणून. अर्धा विजयही जेथे संघटना होती तेथेच मिळाला, हे विसरता कामा नये.

मार्ग संघटनेचा

भारतात स्थिती काय आहे? लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची एक संघटना निघाली खरी, पण ती निवृत्त खेळाडूंची. जो आज मैदानावर घाम गाळतो आणि ज्याचा करार उद्या रद्द होऊ शकतो, त्याच्या वतीने सह्या करणारे कोणी नाही. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला व त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. त्याचे स्वागत करावे. परंतु वरच्या मजल्यावर न्यायाधिकरण बांधले म्हणून तळमजल्यावरील अन्याय आपोआप संपत नाही. पहिली सुनावणीच न्याय्य हवी. आरोप ठेवणारा व निर्णय देणारा वेगळा असावा. आरोपपत्र व पुरावा आरोपीच्या हाती पडावा, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी असावी, तक्रारदारालाही संरक्षण व कारणांसहित निकाल मिळावा. छोट्या खेळाडूच्या वकिलाचा खर्च लीगच्या उत्पन्नातून व्हावा. निकालाला मुदत असावी. आणि हीच संहिता, हेच न्यायासन, संघमालकांना व पदाधिकाऱ्यांनाही लागू व्हावे.

कोट्यवधींचा लिलाव पाहणाऱ्या सामान्य माणसाला खेळाडू हा श्रमिक वाटत नाही, आणि लिलावातल्या मूळ किमतीवर उचललेला, एका मोसमानंतर विस्मृतीत जाणारा पोरगा त्याला दिसत नाही. मालकाला मात्र दोघेही नीट ओळखू येतात. करारावर सही घेताना तो दोघांकडूनही सारखीच शरणागती लिहून घेतो. म्हणूनच ज्या कार्यकर्त्यांनी गिरणीच्या दारात चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाला आव्हान दिले, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. आरोपी कितीही अप्रिय असो, त्याचा न्याय मालकाच्या कचेरीत होता कामा नये. हे तत्त्व प्रकाशझोतातल्या मैदानावर सोडून दिले तर कारखान्याच्या अंधाऱ्या खोलीत ते टिकवून धरणे अधिकच अवघड होईल.