पीककर्ज सातबाऱ्यास कीं पेरणाऱ्यास?

१८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पुढें १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या निघाल्या. १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डही आहे. इतकें होऊनही वाटेकरी मृगाच्या तोंडावर बीबियाण्यासाठीं सावकाराच्याच ओसरीवर कां बसतो? कारण उघड आहे. सातबाऱ्यावर नांव मालकाचें, रानांत घाम वाटेकऱ्याचा. ब्यांक उतारा मागते आणि कूळ लागेल या भीतीनें मालक लेखी कांहींच देत नाहीं.

वास्तविक किसान कार्डाच्या नियमांत खंडकरी, तोंडी करारानें कसणारे व वाटेकरी हे सारे पात्र आहेत. चार ते दहा कसणाऱ्यांनीं संयुक्त जबाबदारी गट केल्यास एकमेकांच्या हमीवर, जमीन गहाण न टाकतां, कर्ज मिळूं शकतें. पण हें त्यांना सांगतो कोण?

आमचें म्हणणें इतकेंच कीं, ग्रामसभेनें कसणाऱ्यांची यादी वैशाखांतच करावी व ब्यांकेनें ती मानावी. आणि बंधुभगिनींनो, तुम्हीही गट करा, शिकल्या मुलामुलींकडून अर्ज लिहवून घ्या, त्याची पोंच मागा. तोंडी नकार घेऊन घरीं परतूं नका. आपलें अज्ञान हेंच सावकाराचें खरें भांडवल आहे!