धोक्याची घंटा... पण खोटी!

‘टेन्शन’ हा आपल्या ऑफिसातला सगळ्यात स्वस्त शब्द. अप्रेझलचं टेन्शन, ईएमआयचं टेन्शन, सोमवारचं टेन्शन तर रविवारी दुपारीच सुरू! अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटला मात्र ताण मोजून देतात. संत्र्याच्या या गावात आंबिया बहार धरायचा म्हणजे आधी बागेचं पाणी तोडायचं. यालाच ‘ताण देणं’ म्हणतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. वेळेवर पाणी सोडलं तर झाड फुलतं. ताण लांबला तर पानं गळतात, झाड खचतं.

आपण स्वतःला ताण देतो तेव्हा दिवस कोण मोजतं? मग एखाद्या दिवशी शरीरच बोंब मारतं.

समजा, तुम्ही तिकडूनच पुण्यात नोकरीला आलात. रात्री रूमवर लॅपटॉप मिटला आणि काही कारण नसताना छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना, हात थरथरतायत, बोटांना मुंग्या. वाटतं, संपलं सगळं! घरी फोन करावा, तर “काहून रे, काय झालं?” म्हणत आई रात्रभर जागणार. म्हणून कुणालाच सांगायचं नाही. हा पॅनिक अटॅक असू शकतो.

नेमकं होतं काय? धोका दिसला की मेंदू घंटा वाजवतो, अ‍ॅड्रिनलिन उसळतं, शरीर पळायला तयार होतं. मेळघाटात वाघ समोर आला तर हीच घंटा जीव वाचवेल. पॅनिक अटॅकमध्ये वाघ नसतो, घंटा मात्र तीच. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणून चक्कर, म्हणून मुंग्या. चक्कर आली की भीती वाढते आणि भीतीने श्वास आणखी धावतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये हेच चक्र मांडलं. ‘धडधडतंय’ याचा अर्थ आपण ‘आता मरणार’ असा लावतो, आणि तो अर्थच अटॅकला खतपाणी घालतो.

दिलासा हा, की अटॅक बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तोवर काय कराल?

• पहिल्यांदाच झालं असेल तर स्वतःच डॉक्टर बनू नका. छातीत दुखणं हृदयाचंही असू शकतं. १०८ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. थायरॉइडही तपासा.

• हृदय ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावर पुन्हा अटॅक आला, तर स्वतःला सांगा : “ही खोटी घंटा आहे, थांबेल.”

• चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सिनेमातली कागदी पिशवी नको.

• आहात तिथेच थांबा. पाय जमिनीवर टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या.

• चहा-कॉफीचे कप मोजा. मित्राने दिलेली झोपेची गोळी घेऊ नका, तिची सवय लागते.

खरी गोची अटॅकनंतर होते. लिफ्टमध्ये झालं म्हणून लिफ्ट बंद. मग मीटिंग नको, मग बस नको. दर वेळी पळालो की मेंदूला पटतं, धोका खराच होता! म्हणून टाळलेल्या जागी परत जायचं, पण हळूहळू. बागेचा ताण तोडतानाही पहिलं पाणी हलकंच देतात ना? आधी एक मजला लिफ्टने, मग दोन. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी नेमकं हेच शिकवते. गरज पडली तर सायकिअ‍ॅट्रिस्टची औषधंही चांगली लागू पडतात.

डॉक्टर लांब असतील तर ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेली सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे : १४४१६. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. हा नंबर घरीसुद्धा कळवून ठेवा. फळगळ झालेल्या वर्षी बाबांनाही रात्री असंच ‘घाबरं’ होत असेल आणि “गॅस झाला असंन” म्हणून तेही गप्प बसत असतील. तुम्ही आधी बोललात, तर कदाचित तेही बोलतील.